मंदाच्या आंब्याचे कलम

७ जुलै १९५७, बऱ्हाणपूर
कलमवर्गाचा पहिला दिवस. सरकारी रोपवाटिकेत आम्ही बारा हौशी. नव्या राज्यात सगळे हिंदीत, म्हणून पत्रकावर ‘उद्यान-शिक्षा’. शेजारच्या वकिलांनी विचारले, मास्तर, कुठल्या गुन्ह्याची? हसलो. बऱ्याच दिवसांनी.

का आलो ते कुणाला सांगितले नाही. बदलीचा हुकूम खिशात आहे. रीवा. पुढच्या महिन्यात क्वार्टर सोडायचे. मोरीपाशी आमच्या मंदाने पुरलेल्या कोयीचे झाड नेता येत नाही. कोय नेली तर उगवेल तो दुसराच आंबा. तोच हवा तर कलम. पोर जाऊन सहा वर्षे झाली, झाडाला फळ यंदा पहिल्यांदा. सात आंबे, रेषाळ, आंबट. सौ.ने एकही बाहेर जाऊ दिला नाही.

९ जुलै
वर्गाची सहल शाहपूरला, डबे बांधून. रोपवाटिकेच्या साहेबांचे भाषण तासभर. डोक्यात काही शिरले नाही. खरे शिकवले जसोंडी गावच्या माळीबुवांनी. कुंडीतले रोप झाडाच्या फांदीपाशी न्यायचे, दोघांची साल तासून एकत्र बांधायचे. जोड धरला की फांदी जोडाखाली कापायची, तोवर नाही.
“सालीले साल भिडली पायजे, मास्तर. मधी वारा गेला का मेलं समजा.”

१४ जुलै
माळीबुवा घरी आले. माचा बांधून चार कुंड्या चढवल्या. चार फांद्यांशी चार जोड बांधले. सौ. खाली उभी.

११ ऑगस्ट
सामान गेले. क्वार्टरमध्ये तिवारीजी येताहेत, सागरकडचे, फार सभ्य माणूस. कुंड्यांना पाणी घालीन म्हणाले. माळीबुवा दसऱ्यानंतर येऊन कलमे झाडापासून कापून उतरवतील.

२९ सप्टें., रीवा
इथे कुणाला मराठी येत नाही. सौ.ला दिवसभर बोलायला कुणी नाही. माळीबुवांना ताप भरला आहे, कधी उठतील नेम नाही. कलमे उतरवायला उशीर नको, म्हणून तिवारीजींना पत्र टाकले: ‘किसी माली को बुलाकर आम का पेड़ कलम करवा दीजिए।’ खात्याच्या हिंदी परीक्षेत पहिला आलो होतो. दोनदा वाचले, एक चूक नाही.

८ ऑक्टो.
तिवारीजींचे कार्ड. ‘आपके लिखे अनुसार पेड़ कलम करवा दिया है। आँगन में अब अच्छी धूप आती है।’
ऊन कसे येईल?

९ ऑक्टो.
शाळेतल्या शास्त्रीजींना विचारले, पेड़ कलम करना म्हणजे काय. त्यांनी हाताने मानेवर रेघ ओढून दाखवली. छाटणे. कापणे.

बऱ्हाणपूरच्या कुठल्याही माळ्याला विचारा, कलम म्हणजे जोडणे. जन्मभर तोच अर्थ धरून बसलो. तिवारीजींचा दोष नाही. मी मागितले ते त्यांनी केले.

सौ.ला सांगितले. ती म्हणाली, “तुम्हीच लिहिलंत ना?” मग भाजी निवडत बसली.

१२ ऑक्टो.
वर्गावर गेलो नाही. पेन हातात धरवत नाही, हे चार शब्दही बळेच. मंदाला एकदाच वाचवता आले नाही, असे समजत होतो.

२० ऑक्टो.
माळीबुवांचे कार्ड, कुणाकडून तरी लिहवून घेतलेले. ताप उतरल्यावर क्वार्टरवर गेले होते. बुंधा तेवढा उरला आहे. दोन कुंड्या फांद्यांखाली चिरडल्या, एक वाळली. “चौथीले पालवी हाये. घरी आनली. सौभाग्यवतीले सांगा.”

सांगितले. सौ. उठली, परसात गेली, जागा बघून आली.

२१ ऑक्टो.
काल इतका हुरळलो की विचारच केला नाही. पालवी जोडाच्या वर की खाली? वर असेल तर मंदाचा आंबा. खाली असेल तर ते नुसते कुंडीतले रोप, कुठल्याही कोयीचे. फांद्या पडताना जोड हिसकला असणार. बहुधा खालीच. माळीबुवांना पत्र लिहायला बसलो. या खेपेला मराठीत. दोन ओळींपुढे गेले नाही.

३ नोव्हें.
पत्र अजून टाकलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आणायचे होते, तेही टाळले. आज शाळेतून आलो तर सौ.ने परसात खड्डा खणून ठेवला आहे, शेणखत घालून, भोवती काटे लावून. “कधी आणताय?” विचारत होती. वर-खालीचे तिला मी सांगितलेले नाही.