मास्तरांच्या तंबोऱ्यावरचा ओला हार

नाशिक, बुधवार, २१ फेब्रुवारी १९७९

राग अजून उतरलेला नाही. आमच्या गाण्याच्या मास्तरांची शोकसभा म्हणे! स्टेजवर त्यांचा फोटो, शेजारी त्यांचा तंबोरा आणि तंबोऱ्यावर झेंडूचा ओला हार. तारांवरून पाणी ठिबकत होतं. तंबोऱ्याजवळ नुसता पाण्याचा पेला नेला तरी मास्तर अंगावर यायचे. आणि आज हार!

अध्यक्ष म्हणाले, "चला, भजन उरकून घ्या." मालू तोच तंबोरा छेडत गायला बसली.

"अगं, लागलेला नाही तो," मी म्हटलं.

"राहू दे गं, कोणाला कळतंय?"

मास्तरांच्या हाताखाली शिकलेली मुलगी ही! गायली, टाळ्याही पडल्या. शोकसभेत टाळ्या!

मास्तर आधी अख्खा वर्ग गप्प करायचे, मगच तंबोरा लावायला घ्यायचे. आज तशी शांतता मिळाली ती थेट शेवटी, सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले तेव्हा. मी मात्र तंबोऱ्यापाशी खाली बसले. तो हार काढून बाजूला फेकला, पदराने तारा पुसल्या आणि खुंटी पिळली. अध्यक्षांनी डोळे वटारले. वटारू देत. मी थांबले नाही.

अखेर तंबोरा लागला. तेवढ्यात अध्यक्ष "ओम शांती" म्हणाले आणि सगळे चपला शोधायला पळाले.