वेशीपलीकडे पोचलेले जाकीट

आचरा,
गावपळणीहून परतल्यावर, चौथे दिवशी

चि. सौ. रश्मी हीस,

आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल असे धरून चालते. बरी नसती तर निलेशला माझ्या तब्येतीची चौकशी करायला इतका वेळ मिळाला नसता. मी ठणठणीत आहे. गुडघे, रक्तदाब आणि साखर या तिघांची विचारपूस तो रोज करतो, त्यामुळे ती मला आता घरातलीच माणसे वाटू लागली आहेत. फोन सोडून पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की तुमच्या घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो. म्हणून हे तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून फाडू नकोस (चांगला कागद फाडलेला मला आवडत नाही), पण घरीही नेऊ नकोस.

प्रकरण तुला अर्धे ठाऊक आहे. गेल्या थंडीत मी पहाटे सायकल चालवताना प्लास्टिकचा रेनकोट घालत असे. वारा लागत नसे हे खरे, पण कणकवलीच्या रस्त्याला पहिला चढ आला की आत घामाची आंघोळ व्हायची आणि उतारावर तोच घाम गार पडून पाठीला चिकटायचा. खोकला शिमग्यापर्यंत पुरला. त्यावर तुझ्या नवऱ्याने फर्मान काढले की यंदा श्वास घेणारे सॉफ्टशेल जाकीट (म्हणजे बाहेरचा वारा अडवणारे आणि आतली वाफ बाहेर सोडणारे) अंगावर असेल तरच सायकल. नाहीतर नाताळच्या सुट्टीत येऊन तो ती पुण्याला घेऊन जाणार. सायकल माझी, पेन्शन माझी. पण मुलगे चाळिशीला आले की आईच्या वस्तूंबद्दल त्यांना मते सुचू लागतात. आणि सायकल गेली तर मी पहाटे उठून करायचे काय? माझ्या वयाच्या बायका त्या वेळी अंगणात बसून आपापल्या सुनांबद्दल बोलतात. ते मला जमत नाही, आणि जमू लागले तर नुकसान तुझे आहे.

तेव्हा मी आणि जहिरा (तीच, माझ्याबरोबर सायकल चालवणारी, जिच्याकडची सांदणं तू गणपतीत पोट भरल्यावरही सोडली नाहीस) एस.टी.ने कणकवलीला गेलो. दुकानदार मंगेश नावाचा, तोंडाचा गोड. आमच्यापुढे जाकिटांचा ढीग ओतून म्हणाला, "काकी, ह्यां घेवा. ह्यां जाकीट श्वास घेता."

"घेता ता समाजला. सोडता कधी?" मी विचारले.

माझी सगळी नोकरी विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. कोणी एखादी गोष्ट चांगली आहे म्हणाला की माझा हात आपोआप बाटलीकडे जातो. शेजारच्या हॉटेलातून मी उकळत्या चहाचा ग्लास मागवला, त्याच्या तोंडावर जाकिटाची बाही आतली बाजू खाली करून ताणली आणि वर एक गार काचेचा ग्लास उपडा ठेवला. वरच्या ग्लासात धुके आले तर वाफ बाहेर पडते, नाही आले तर नाही. यात जाहिरातीला जागा नाही. मग वरून पाण्याचे चार शिंतोडे मारायचे. ते थेंब होऊन वरच राहिले तर दंवही वरच राहील. पहिले जाकीट माझ्या रेनकोटाचा सख्खा भाऊ निघाले, ग्लास कोरडा ठणठणीत. दुसऱ्याने धुके भरपूर आणले, पण पाणीही थेट चहात सोडले. तिसरे दोन्हीत उत्तीर्ण झाले. मात्र त्याच्या पाठीवर जबडा उघडलेला वाघ होता. जहिरा म्हणाली, "घे गो किशोरी, पाठसून वाघ दिसलो तर कुत्रे तरी लागूचे नाय." मी तिच्याकडे पाहिले. तरी ती हसायची थांबली नाही. शेवटी मंगेशनेच हात जोडले, "काकी, तुमका जाकीट व्हया काय चाय?" चहाचे पैसे मी दिले आणि उठले.

मग तू सुचवलेले जाकीट फोनवरून मागवले. पाठीकडून लांब (पुढे वाकल्यावर कंबर उघडी पडू नये), काखेत वारा घ्यायला चेन, रंग पिवळा (ट्रकवाल्यांना दिसावे म्हणून, मला शोभावे म्हणून नव्हे). सगळे विचारपूर्वक केले. गावपळणीची तारीख मला ठाऊक होती आणि जाकीट त्याआधी यायचे होते. कंपनीने मात्र ते वाटेत कुठल्याशा गोदामात विश्रांतीला ठेवले.

लग्नानंतर तू आमची गावपळण एकदाही पाहिलेली नाहीस, म्हणून सांगते. देवाचा कौल झाला की सारा गाव, हिंदू असो की मुसलमान, गुरे, कोंबड्या, कुत्री-मांजरे घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्या बांधून राहतो. गावात चूल पेटत नाही, कोणी पाऊल टाकत नाही. आम्ही माळावर राहुटी घातली, शेजारी जहिराने घातली, आणि मी भाताला आधण ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. जाकीट घेऊन आलेला माणूस घाटावरचा, या भागात नवा.

"मॅडम, तुमच्या घराला कुलूप हाय."

"आहे. मीच लावले."

"शेजारी बी कुलूप हाय. दुकानाला कुलूप. कुत्रंसुदीक दिसंना. ह्या गावात काय झालंय तरी काय?"

"काही झालेले नाही. तुम्ही आधी तिथून बाहेर पडा."

"का?" त्याचा आवाज बारीक झाला.

"गाव रिकामे ठेवायचे असते. आत्ता त्यात तुम्ही एकटेच आहात."

यापुढे मला फक्त मोटारसायकलचा आवाज ऐकू आला. (माणसाला घाबरवण्याचा माझा हेतू नव्हता. सविस्तर सांगणार होते, पण त्याने धीर धरला नाही.) वेशीबाहेर आल्यावर त्याने पुन्हा फोन केला आणि नवा पत्ता विचारला. "माळावरची राहुटी, जहिराच्या कोंबड्यांच्या उजवीकडे" हा पत्ता त्याच्या यंत्राने घेतला नाही, पण चुलींचा धूर बघत तो बरोबर आला. त्याला जेवायला बसवले. माशाचे सार त्याने दोनदा मागून घेतले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला.

पार्सल मात्र साऱ्या गावासमोर उघडावे लागले. घरी असते तर दार लावून उघडले असते. राहुटीला दार कुठले? ज्याने त्याने जाकीट हाताळले. कोणी चेन ओढली, कोणी खिसे मोजले, कोणी "एवढ्याश्या थंडीक इतक्या कित्याक?" म्हणून विचारले, आणि लगेच स्वतः घालून पाहिले. मी पेजेच्या टोपावर बाही धरून वाफेची परीक्षा पुन्हा घेतली. ग्लासात असे धुके दाटले की बघणाऱ्यांनी "अरे, सोडता, सोडता!" म्हणून गलका केला. तेवढ्यात बाबली उठला. हा आमच्याकडे देवापुढे कशाचेही गाऱ्हाणे घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणे मागतो. विहिरीवर नवा पंप बसला तरी घालतो. त्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान जां काय नवीन जाकीट आणलेलां आसा..."

"होय म्हाराजा!" सगळा माळ ओरडला.

"तेचो श्वास असोच चालू ठेव रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"आणि आतल्या घामाक भायर येवची वाट दाखव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे. तरी शेवटचा होकार माझा सर्वांत मोठा होता असे जहिरा सांगते. ती वाढवून सांगते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी निघालो. कणकवलीचा रस्ता वेशीपलीकडूनच जातो, त्यामुळे देवाचीही हरकत नव्हती. जमिनीकडून येणारा गार वारा तोंडावर, झाडांवरून टपटपणारे दंव खांद्यावर. पहिला चढ, दुसरा चढ, काखेतली चेन उघडली. उतार लागताच बंद केली. थांबल्यावर जहिराने बाहीत हात घातला आणि म्हणाली, "भायर दंव, आतसून सुक्या. गो, ह्यां तुझ्यापेक्षा शाण्या आसा." पाठ कोरडी, खोकला नाही, दम नाही. इतकी वर्षे सायकल चालवते, पण उतारावर मोठ्याने गाणे म्हणावेसे पहिल्यांदाच वाटले. (म्हटले नाही. रस्त्यावर लोक होते.)

माळावर परतलो तेव्हा शेजारच्या राहुटीतल्या राधाबाई चुलीपाशी कुडकुडत बसल्या होत्या. नव्वदीची बाई, माझ्या सासूबाईंची मैत्रीण. म्हणाल्या, "बगू गो, कसां लागता तां." पाच मिनिटे घालायला दिले.

तर निलेशला एवढे सांग, की आईने जाकीट नीट पारखून घेतले आहे, चढावर आणि दंवात तपासले आहे, आणि आता सायकलीचा विषय संपला आहे. हे तुझ्या तोंडून जावे. माझ्या तोंडून गेले की तो वाद समजतो. जेवणे वेळेवर करा. बाकी ठीक.

तुझी,
आई

ता. क. : जाकीट या क्षणी माझ्याकडे नाही. राधाबाई ते घालूनच गावात परतल्या, ते घालूनच माडांना पाणी घालतात, आणि काल मागायला गेले तर म्हणाल्या, "ह्यां माझ्यावांगडा श्वास घेता गो. आता काढलंय तर दोघांचोय बंद पडतलो." नव्वदीच्या बाईच्या अंगावरून जाकीट ओढणे माझ्या शिस्तीत बसत नाही. तसेच दुसरे मागव. पत्ता घराचा टाक, आम्ही सगळे घरी आहोत.

ता. क. दुसरा : आज सकाळी रेनकोट घालून गेले होते. खोकला किंचित आहे. निलेशने ऐकला तर मिरचीची फोडणी म्हणून सांगेन. तूही तेच सांग.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरे यासाठी : दुसरे जाकीट तुम्ही नाताळात येण्याआधी पोचेल याचा भरवसा नाही. तुमच्या गाडीच्या मागचा स्टँड एकाच सायकलीचा आहे, हे मी गणपतीत पाहून ठेवले आहे. तुझी सायकल गॅलरीत टॉवेल वाळवायच्या कामी लागली आहे, हेही पाहिले आहे. येताना ती घेऊन ये. मलाही आईंबरोबर चालवायची आहे म्हण. निलेशला आनंद होईल. परत निघताना स्टँडवर तुझीच सायकल चढेल, माझी कुठे ठेवणार? तुझी इथेच सोडून माझी न्यावी असे त्याच्या डोक्यात आले, तर जरा रडून दाखव. मी त्या वेळी मागल्या दारी असेन.