कुंपणावरची वेल

ठमे,

कुंपणावरच्या वेलीची अकरा पानं भिंगाखाली पाहिली. प्रत्येक देठाच्या टोकाशी दोन बारीक गाठी आहेत, तू म्हणालीस तशाच. म्हणजे वेल परकीच, शेजारच्या झाडांचा गळा आवळणारी. मी तिला देशी समजून तीन वर्षं पाणी घातलं, शिवाय गल्लीत तिची रोपं वाटली. वनस्पतिशास्त्र शिकवते मी, आणि ओळखलीस तू.

ती रोपं उपटायला फावडं घेऊन चालले आहे. कोपऱ्यावरच्या काकूंना फोन केला, तर म्हणाल्या, "बाई, दिलेलं कोणी परत मागतं का?" म्हटलं, "चूक माझी, पकडली माझ्या लेकीने." बाकीच्या दोन घरीही हेच सांगणार आहे, जरा मोठ्याने.

आपली वेल मी आल्यावर काढू. मुळाचा तुकडा राहिला तर पुन्हा फुटते.

जेवण झाकून ठेवलं आहे. डॉक्टरकीच्या क्लासला आज जाऊ नकोस. वर्षभर माझ्या कपाटात पडलेला तुझा अर्ज सही करून टेबलावर ठेवला आहे. बाबा कामावर निघाले तेव्हा त्यांनाही सांगितलं, "ती तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार नाही. ती झाडंच शिकणार."

आई