गुडघ्याची चौकशी

४ जून
लागली एकदाची नोकरी! दिवसभर मोठ्यानं वाचायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, हे ऐकून आईला हसू आवरेना. आमचे लेखकमहाराज थरारक कादंबऱ्या लिहितात. पहिली लिफ्टवर, मग कॅमेऱ्यांवर, मग हॉस्पिटलातल्या यंत्रांवर; यंत्र माणसावर उलटलं की यांची लेखणी बाळसं धरते. लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते छापायला देत नाहीत, म्हणून मी. खोलीत जाड पडदे, समोर मायक्रोफोन, घशासाठी कोमट पाण्याचा थर्मास. आई दुसऱ्या गावात एकटी असते. तिला आता नुसत्या सावल्या दिसतात, त्यामुळे माझा आवाज म्हणजेच मी. रोज फोन करायचं कबूल केलंय.

९ जून
नव्या कादंबरीतली मुलगी आईला सारखी फोन करते. सर तिचे संवाद माझ्याकडून रागावून, लाडात, रडत वाचून घेतात. आज घसा बसला. मध्येच त्यांनी सहज विचारलं की आई मला काय म्हणते. ठमी म्हणते, हे मी सांगून टाकलं. लहानपणचे किस्सेही सांगितले. माझ्या जिभेला हाड नाही.

१४ जून
स्वयंपाकाच्या बाईंनी भाजी चिरता चिरता सांगितलं की, कॅमेऱ्यांच्या कादंबरीच्या वेळी सरांनी बायकोच्याच खोलीत कॅमेरे लावले होते. तिला कळलं तशी ती निघून गेली. करून पाहिल्याशिवाय ते एक ओळ लिहीत नाहीत म्हणे. मग माझा आवाज रोज कशाला साठवतात? कुठेतरी पाणी मुरतंय. आज वाचताना मुद्दाम अडखळले. सरांनी तेवढंच परत वाचायला लावलं.

१७ जून
काल कामात फोन राहिलाच. आज आई म्हणाली, काल किती छान बोललीस गं, गुडघ्याचीसुद्धा चौकशी केलीस. आधी खरं तर वाईट वाटलं, कारण मी गुडघ्याचं कधी विचारतच नाही. मग लक्षात आलं, काल मी फोन केलाच नव्हता.

१८ जून
आईला बजावलं की माझ्या आवाजात दुसरंच कुणीतरी बोलतंय. ती म्हणाली, असा फोन येईल हे ठमीनं मला आधीच सांगून ठेवलंय. आणि फोन ठेवला.
माझा फोन ठेवला!
सरांना जाब विचारला. नाही म्हणालेच नाहीत. चहा ढवळत म्हणाले, शेवटचं प्रकरण अडलंय. आई घराबाहेर पडते का, ते बघायचंय.
पोलिसांत गेले. ते म्हणाले, कुणी आईची विचारपूस केली, ही काय तक्रार झाली? पुरावा आणा.

१९ जून
आईच्या दाराबाहेर बसलेय. पुरावा हवा ना, म्हणून लिहितेय. दाराला आतून कडी. मागच्या जिन्याच्या फाटकालाही. कडी तोडायला सुतार निघालाय — अजून नाही आला —
हाका मारून घसा फाटला. पडलेल्या दाताची गोष्ट सांगितली, बाबांची सांगितली. आई आतून म्हणते, हे सगळं ठमीनं मला कालच —
आत फोन स्पीकरवर आहे. मला ऐकू येतंय. माझा आवाज. घाबरू नकोस म्हणतोय, गाडी पाठवलीय, मागच्या जिन्यानं ये, सावकाश, गुडघा सांभाळून —
आई हसली. किती करतेस गं माझं, म्हणाली.
मला ती असं कधीच —
काठी घेतली तिनं. मागची कडी वाजली. आई, मी इथे आहे, मी, आई, तिकडे नको, आई —