मागच्या खोलीतल्या शर्यतींची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी गेमच्या दुकानाचा गल्ला सांभाळणं आणि हल्ली गाड्या पळवणं, असं लिहून देते की माझं डोकं ठिकाणावर आहे. वकीलसाहेबांनी हे वाक्य आटोपशीर लिहून दिलं होतं, पण माझ्या थोरल्या मुलाला शंका आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "गुरुवार. आणि लवकर आटपा, मशीन चालू ठेवून आलेय." डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत आहेत." थोरल्याचा चेहरा पडला. तेव्हा हे मी राजीखुशीने, कोणी हात न धरता, स्वतःच्या अक्षरात लिहिते आहे. शाळा चौथीत सुटली. चुका काढायची हौस असेल त्याने त्या काढून स्वतःकडे ठेवाव्यात, त्यांवर माझा हक्क नाही.

अट एकच. हे पत्र माझ्यामागे घराच्या मागच्या खोलीतच वाचायचं. दोन्ही मुलगे हजर पाहिजेत आणि मशिनी चालू पाहिजेत. वकीलसाहेबांनी बसायला स्टूल घरून आणावं, तिथे खुर्च्या दोनच आहेत आणि त्या लागणार आहेत.

कलम पहिलं, मालमत्ता कुठून आली. ह्यांचं, म्हणजे माझ्या मालकांचं, गेमचं दुकान होतं. नाणं टाकायचं, स्टिअरिंग धरायचं, गाडी पळवायची. मी तिथे उभं आयुष्य सुट्टे देत बसले, पण मशीनमध्ये बसले नाही. बायका बसत नसत, आणि मालकिणीने बसणं म्हणजे तर हद्दच. दुकान बंद झालं तेव्हा थोरला म्हणाला, भंगारात द्या. धाकट्याने सरळ टेम्पोच आणला आणि शर्यतीच्या चारही मशिनी माझ्या मागच्या खोलीत आणून टाकल्या. त्या दिवसापासून सदरहू दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. (सदरहू हा शब्द एकदा तरी यावा अशी वकीलसाहेबांची इच्छा होती. आला.)

पुढे हे गेले. मशिनींवर जुन्या चादरी पडल्या. मग एके दिवशी दुपारी थोरल्याच्या लेकीने, आमच्या टिल्लीने, एक चादर ओढली आणि म्हणाली, "आजी, बस तरी." मी बसले. ती घरी गेली. मी बसलेलीच होते.

कलम दुसरं, सगळ्यात जुनी मशीन. हिच्यात रस्ता वरून दिसतो, आढ्यावरच्या पालीला दिसावा तसा. गाडी म्हणजे एक ठिपका. टिल्ली म्हणते, "आजी, हे काय गं, यात काहीच नाही!" आहे की. पुढचं वळण दिसत नाही, ते मनाने ओळखावं लागतं. ही मशीन आणि ह्यांची पाना-स्क्रूड्रायव्हरची पेटी मिस्त्रींना द्यावी. ते आमच्या दुकानातल्या मशिनी दुरुस्त करायचे आणि आजही हाक मारली की येतात, फक्त येतो म्हणाले त्या दिवशी येत नाहीत.

कलम तिसरं, लाल गाडीची मशीन टिल्लीला. समुद्राकाठचा रस्ता, वर टप नाही, ऊन कधी उतरत नाही. शेजारच्या सीटवर एक रुमालवाली बाई बसते. गाडी उलटली की ती उडून पडते, उठते, केस नीट करते आणि पुन्हा येऊन बसते, चकार शब्द काढत नाही. माझ्या संसाराचं इतकं हुबेहूब चित्र मी दुसरीकडे पाहिलं नाही. वेळ संपली की पडदा विचारतो, पुढे जायचं का? आणि दहापासून उलटे आकडे मोजत थांबतो. हे गेले तेव्हा कोणी इतकंही थांबलं नाही. तरी टिल्लीने रडत बसू नये, नाणं टाकावं. या मशीनवर सगळ्यात वर माझं नाव आहे. तीनच इंग्रजी अक्षरं बसतात, टिल्लीने शिकवली: ए, ए, आय. खालच्या ओळीत ह्यांचं आहे, तेही मीच खेळून घातलंय. दारावरच्या पाटीवर, लाइटबिलावर, सगळीकडे मी ह्यांच्या खाली, इथे वर. मशीन बंद केली की ही नावं पुसली जातात, म्हणून थोरल्याने विजेची बचत दुसऱ्या कुठल्या खोलीत करावी.

कलम चौथं, मोटरसायकलची मशीन. हिच्यावर टांग टाकून बसायचं आणि अंगानेच वळायचं. "शोभतं का बाईच्या जातीला?" असं माझ्या थोरल्या जाऊबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, मी फक्त सीट पुसत होते तरी. ही मशीन प्रेमपूर्वक जाऊबाईंना. त्यांच्या पुढच्या खोलीतच ठेवावी, दारातून आत येणाऱ्याला आधी तीच दिसेल अशी.

कलम पाचवं हे मालमत्तेत बसत नाही, पण माझ्या डोक्याविषयी जे बोललं जातं त्याचा उगम इथे आहे. धाकट्याची खरी गाडी दारात उभी होती, किल्ली आतच. मी म्हटलं, आपण समुद्राकाठाने शेवटपर्यंत जातो, ही तर साधी गल्ली. गाडी शेजारच्या मास्तरीणबाईंच्या गेटात शिरली. मी शांत बसून राहिले. कारण मशीनमध्ये धडक झाली की गाडी क्षणभर लुकलुकते आणि आपली आपण रस्त्यावर परत येते. गाडी आली नाही. मास्तरीणबाई आल्या. पाठोपाठ दोन्ही मुलगे. मला खरचटलंही नव्हतं, पण दोघांच्या मध्ये उभी होते.

"आई, त्याला विचार, किल्ली गाडीत कोण ठेवतं?"

"आई, त्याला सांग, गाडी माझी, किल्ली माझी."

"मग त्याला म्हणावं, आईपण तुझ्याकडेच ने!"

"नेतो म्हणावं! निदान भंगारात तरी नाही देणार."

"आणि माझं गेट?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "ते कोणाला विचारायला सांगू?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या दोघांचा टेलिफोन मी आहे. मी गेले की लाइन तुटली.

कलम सहावं, चौथी मशीन, हीच खरी इस्टेट. दोन खुर्च्या, दोन स्टिअरिंग, दोन पडदे, आत वायर एकच. अर्धी करून कोणाला देता येत नाही, मरते. डावी खुर्ची थोरल्याची, उजवी धाकट्याची. लहानपणी रोज इथेच भांडायचे. थोरला पुढे जायचा, शेवटच्या बोगद्यात धाकटा येऊन गाठायचा. "बाबांनी मशीन त्याच्या बाजूने केलीय!" असं थोरला ओरडायचा, आणि अजून त्याच्या मनात तेच आहे, फक्त आता मशीनऐवजी बाबा म्हणतो.

वकीलसाहेब, इथे थांबा, चष्मा काढा. दोघांनी आपापल्या खुर्चीत बसायचं आणि एक शर्यत खेळायची. पोट पुढे आलंय, खुर्ची मागे सरकते. जो बसणार नाही, त्याचा घरातला वाटा जाऊबाईंना जाईल.

मला खात्री आहे, आता दोघेही बसले आहेत.

कलम सातवं, शर्यत झाल्यावर वाचायचं. कोण जिंकलं ते सांगू नका, घराचा त्याच्याशी काही संबंध नाही. घर आणि बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी, मागची खोली सामाईक. आता थोरल्या, ऐक. परवा मिस्त्रींनी ही मशीन उघडली तेव्हा आत एक बटण दाखवलं. जो मागे पडेल त्याच्या गाडीला ते आपसूक जोर देतं. डावीला, उजवीला, दोन्हींना. जितक्यांदा धाकट्याने तुला गाठलं, तितक्यांदा तूही त्याला गाठलंस, ते तेवढं तुझ्या लक्षात राहिलं नाही. मी मिस्त्रींना म्हटलं, "ह्यांनी मुलांच्या मायेपोटी लावलं असेल." मिस्त्री हसले. "कसली माया आजी! साहेब म्हणायचे, शर्यत अटीतटीची झाली की दोघांतला एकही उठत नाही, नाणं टाकतोच." तेव्हा बापाने बाजू घेतली ती गल्ल्याची. दोघांनीही समान रीतीने वाईट वाटून घ्यावं.

ते बटण मी चालूच ठेवलं आहे. कोणी हात लावू नये.

कलम शेवटचं. हरलेल्याने "अजून एक" म्हणायचं आणि जिंकलेल्याला नाही म्हणायचा हक्क नाही. पण हे शब्द एकमेकांकडे बघून म्हणायचे. "आई, त्याला सांग" चालणार नाही, आई भिंतीवर आहे.

सही: ए ए आय (आणि खाली माझी नेहमीची, वाकडी)

साक्षीदार एक: मिस्त्री. यायचं ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आले.

साक्षीदार दोन: शेजारच्या मास्तरीणबाई. गेट नवीन बसवून मिळालं असं त्या इथे लिहून देतात, रंग पसंत नाही असंही.

तारीख वकीलसाहेबांच्या शिक्क्यावर आहे तीच.

स्थळ: मागची खोली, डावी खुर्ची. उजव्या खुर्चीत मास्तरीणबाई बसल्या आहेत. आत्ताच हरल्या, आणि मला लिहू देत नाहीत, म्हणतायत, अजून एक.