खताच्या जाहिरातीतला माणूस

२ जून, सोमवार

आन् परत तेच! सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणती, आन् वर तीन हजार चारशे मागती. फुकट आहे तर पैसे कशाला? या नंदूला मी मार्चपास्नं सांगून राह्यलो — बारावी झाली, आता शिलाईचा क्लास लाव. सख्ख्या भावाचं ऐकायचं न्हाई! भोकरदनच्या बाजारात रिक्षावर भोंगा लावून फिरवतात ना, त्या जाहिराती बोलायच्यात तिला. हसनाबादला घरी बसून, कॉम्प्युटरवर. तो जुना कॉम्प्युटर मीच घेऊन दिल्ता. माझीच चूक.

पैसे माइकचे आहेत म्हणती. बघू. मोबाइलवर लिहायला लई वेळ लागतो म्हणून नेहमीसारखं बोलूनच पाठवलं. पाच मिनिटं बोललो.

३ जून

सॉफ्टवेअरची तीन नावं पाठवली तिनं. एक फुकटचं, हेडफोनचं चित्र असलेलं. दुसरं दर महिन्याला पैसे कापणारं. तिसरं पेनड्राइव्हमधलं — रजतशेठ पाचशेत आणून देतो म्हणला म्हणे. रजतशेठ म्हणजे भोकरदनचा खताचा दुकानदार. वय माझ्याएवढंच. लग्न व्हायचंय. त्याला काय पडलंय?

फुकटचं पण पटत न्हाई. कोण कशाला फुकट देईल? आवाज तिकडं कुठं जाऊन पडत असंल तर? खोलीतल्या नागसेनला विचारलं. तो परतूरचा, इथं गुजरातेत मोरबीला माझ्यासंगंच टाइल्सच्या कारखान्यात कामाला. पण त्याच्याकडं लॅपटॉप आहे आन् थोडं डोकं. म्हणला, ते जगातले लोकं मिळून बनवतात, बिनधास्त घे. पेनड्राइव्हचं चोरीचं असतं, त्याच्यातून व्हायरस येतो.

कळवलं — फुकटचंच घे. पेनड्राइव्ह घरात नको. शेठ पण नको.

६ जून, शुक्रवार

वसंताचा फोन. चुलतभाऊ, आमच्या भिंतीला लागून भिंत. चांगली बातमी असली की हा कधी फोन करत न्हाई. म्हणे, दुपारच्याला तुमच्या खिडक्यांना गोधड्या लावलेल्या असतात. या उकाड्यात! दार बंद.

"आन् सोम्या, आतून गड्याचा आवाज येतो."

घरात माय आन् नंदू, दोघीच. बा जाऊन सहा वर्षं झाली.

जेवलो न्हाई.

७ जून

मायला फोन केला. आवाज घुमू नये म्हणून गोधड्या लावतो म्हणली. हे हिला कुणी शिकवलं? गड्याचं विचारलं तर हसली. नंदूलाच इचार म्हणे. नंदू फोन उचलत न्हाई.

म्हणजे माय पण सामील.

१० जून, मंगळवार

वसंतानं व्हिडिओ पाठवला. बाजार, रिक्षा, वर भोंगा, रजतशेठच्या खताची जाहिरात. "शेतकरी बंधूंनो, पेरणीच्या आधी एकदा भेट द्या —" गडीच! जाड आवाज, जरासा घोगरा. आवाज रजतशेठचा न्हाई, त्याची बोली येगळी. हा आपल्याच गावाकडचा. दहादा ऐकला. कुठंतरी ऐकलेला वाटतो, पण कुठं तेच ध्यानात येत न्हाई.

नंदूला या टायमाला लिहून पाठवलं. मूळ फाईल दे. न्हाई तर परवाच्या गाडीनं येतो आन् कॉम्प्युटर विकून टाकतो.

१२ जून, गुरुवार

फाईल आली. सोबत एक अक्षर न्हाई.

ऐकली. मधीच बारीक करकर — आमच्या दाराची. ती मी झोपेत पण ओळखीन. म्हणजे हा आमच्याच घरात बसून बोलला!

नागसेनला ऐकवली. तो चहा पिऊन राह्यल्ता, ठसका लागला त्याला. "लेका, हा तर तूच!" भांडलो त्याच्याशी. मी कधी बोललो खताचं? तर म्हणला, स्वतःचा आवाज कुणालाच ओळखू येत न्हाई. माझ्या मोबाइलमधला माझाच एक बोललेला मेसेज लावला, त्याच्या मागं फाईल. परत मेसेज, परत फाईल. बिलकुल एक.

मंग त्यानं फाईल त्या फुकटच्या सॉफ्टवेअरात टाकली. नुसत्या निळ्या रेघा. आवाज जाड-बारीक करायचा एक आकडा असतो त्याच्यात. तो आकडा वर नेत गेला. गड्याचा पोरगा झाला. पोराची बाई झाली. मंग नंदू. आमची नंदू, शेतकरी बंधूंना बोलवत होती.



१३ जून

नंदूचा मेसेज, बोललेला. इथं उतरून ठेवतो.

"शेठ म्हणले खताला बाईचा आवाज नको, लोकं हसतात. मंग मी माझाच जाड केला. पण किती जाड करावा ते कळंना. घरात गड्याचा आवाज कुठून आणू? तुझे मेसेज होते, दादा. एक मेसेज बाजूला लावला आन् तुझ्याएवढा झाला तवा थांबले. सगळे रागाचेच होते. त्यातल्या त्यात कमी रागाचा घेतला."

वसंताचे दोन फोन येऊन गेले. उचलले न्हाई.

१५ जून, रविवार

माइकच्या बिलाचा फोटो पाठव म्हणून नंदूला लिहिलं. धाडायच्या आधी पुसलं.

दुपारी नागसेन बाहेर गेल्यावर गोधडी डोक्यावर घेतली आन् मोबाइलमध्ये बोललो. काही खास न्हाई. जेवलीस का, मायचा गुडघा कसा आहे. राग येऊ द्यायचा न्हाई म्हणून चारदा करावं लागलं, मंग नंदूला धाडलं. राहू दे तिच्याकडं, मापाला.

१६ जून

पाठवले. ३,४०० रुपये.