मोटारीच्या नाकावरचा पितळी गोळा

कॉव्हेन्ट्री, १५ मार्च १९१२

प्रिय केझायाताईस,

धाकट्या एनॉकचा नमस्कार. मार्चच्या या वाऱ्यात तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. दाजींच्या खोकल्याबद्दल विचारत नाही, कारण मागच्या वेळी विचारलं तर त्यांनी चार पानं भरून उत्तर दिलं. मी मजेत आहे. बोटं तेवढी हिरवी असतात, पण बावीस वर्षं निकेलच्या मुलाम्याच्या हिरव्या हौदाशी संसार केल्यावर ती गुलाबी कशी राहतील?

तू आईच्या पलंगाच्या खांबावरचा एक काळवंडलेला पितळी गोळा मुलामा द्यायला पाठवलास, तिथून सगळं सुरू झालं. (घरची वस्तू गुपचूप मोटारीच्या भागांशेजारी टांगायची आमच्या कारखान्यात रीतच आहे. आमचे मुकादम पार्जिटर याला पाप मानतात, फक्त त्यांच्या बायकोची चहादाणी येते तो दिवस सोडून.) मी गोळा चाकावर घासला, पोटॅशच्या पाण्यात उकळला आणि वरून साधं पाणी ओतून पाहिलं. पाणी कुठेही न फाटता सरळ उतरलं, म्हणजे तेलाचा अंशही उरला नव्हता. मग तो हौदात सोडला. शेजारच्याच तारेवर लॉर्ड थर्लबींच्या मोटारीच्या नाकावरचं, रेडिएटरचं टोपण होतं, आणि दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. एक कागदात गुंडाळून तुला पाठवला, दुसरा जोडणीवाल्याला दिला. आटे असे बसले की त्यालाही शंका आली नाही.

काल लॉर्डसाहेब मोटार न्यायला आले. पाहतो तर मोटारीच्या नाकावर आईच्या पलंगाचा गोळा. नोकरी गेली असंच मी धरून चाललो. लॉर्डसाहेबांनी गोळा कुरवाळला आणि असा घाट पॅरिसलाही पाहिला नाही म्हणाले. त्याबरोबर ड्रॉइंग ऑफिसातले फॅनशॉसाहेब पुढे सरसावले आणि घाट आपलाच म्हणाले. (तीन महिने डोकं खपवलं म्हणे. पलंगाखाली खपवलं असेल.) लॉर्डसाहेब खूश झाले आणि बाईसाहेबांच्या मोटारीलाही हुबेहूब तस्साच हवा म्हणाले, येत्या बुधवारच्या आत.

फॅनशॉसाहेबांचा चेहरा पडला. ते आमच्या शेडमध्ये येऊन प्रत्येकाला विचारत फिरले. ते गेल्यावर पार्जिटर माझ्यापाशी थांबले.

"काय रे ट्रँटर, तो घाट कुठं पाहिलायस का?"

"नाही बुवा."

"मलाही आठवत नाही. पण बुधवारी दुसरा मिळाला नाही, तर आठवेल."

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा भाऊ,
एनॉक

ता. क. आईच्या पलंगावर आता जे बसवलं आहेस त्याला राखेने घासू नकोस, ते लॉर्डसाहेबांचं आहे. आणि उरलेल्या तीन गोळ्यांपैकी एक उलट टपालाने पाठव, नाहीतर मी बेकार होऊन तुझ्याच घरी येईन.

आणखी एक ता. क. गोळे चुकून बदलले असं वर भासवलं, ते तू रागावशील म्हणून. बावीस वर्षं मुलामा देणाऱ्याला टोपण ओळखू येत नाही होय? आई जन्मभर वॉरिकच्या बाजारापलीकडे गेली नाही. ही मोटार समुद्र ओलांडून इटलीला जाणार असं ऐकलं आणि माझ्याने राहवलं नाही. आता बाईसाहेबांचीही मोटार सोबत निघाली आहे. तेव्हा गोळा उशाकडचा पाठव, भिंतीच्या बाजूचा. तिकडे बाबा झोपायचे, आणि आईला एकटीने प्रवासाची सवय नाही.